कागदाची पाठ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी दोन कागदांवर सह्या केल्या. पहिल्यावर लिहिलं होतं, मी आजपासून कामावर रुजू होत आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं, मी स्वखुशीने काम सोडत आहे. पहिल्यावर तारीख होती. दुसऱ्यावर तारखेची जागा कोरी होती, आणि तो कागद मालकाच्या खणात गेला. ज्या दिवशी मी नकोशी होईन त्या दिवशी मालकाने तारीख टाकायची, की मी आपल्या मर्जीने गेले असं व्हायचं. काढून टाकलं असं कुठंच लिहिलेलं राहणार नाही. म्हणजे भांडायला जागा नाही, बेकारभत्ता नाही, काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग सही कशाला केलीस? केली. अडतीस वर्षांची होते, पदरात दोन पोरं होती, आणि इटलीतल्या आमच्या खोऱ्यात जोड्यांच्या कारखान्यांत असंच चालायचं. पुढं नव्या मुली आल्या की त्यांना मीच सांगायचे, "कर गं, सगळ्याच करतात." मी, एलिदे, युनियनची प्रतिनिधी, हे सांगायचे. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचा मालक ऑर्फेओ. त्याचा-माझा शाळेतला वर्ग एक, बाक एक. त्याच्या आईने, आर्जाने, मला जोड्याचं वरचं कातडं शिवायला शिकवलं, तिच्याच स्वयंपाकघरात. खिडकीशी मशीन, आणि जेवायच्या टेबलावर तळ चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. आर्जाने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की कातडं पुढून बघायचं नाही. पुढून रंग चढवला की काहीही झाकतं. उलटं करायचं आणि पाठीवरून बोट फिरवायचं. ओरखडा असो, गोचिडीचा डाग असो, पातळ पडलेली जागा असो, सगळं पाठीवर सापडतं. चाळीस वर्षं मी हेच करत आले. माझ्या बोटांना केसाएवढी चीर कळते. कातड्यावरची.

दोन हजार सातच्या शरदात रोममधल्या सरकारने एक कायदा केला. नोकरी सोडायची तर सरकारी फॉर्मवरच सोडायची, प्रत्येक फॉर्मला नंबर, आणि फॉर्म काढल्यापासून पंधरा दिवसांत वापरला नाही तर तो बाद. एवढंच. पण एवढ्यानेच खणात वर्षानुवर्षं पडलेल्या कागदांची रद्दी होणार होती. मार्चपासून तो लागू व्हायचा होता. मी युनियनचं पत्रक शिलाईखात्यात मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा दोघी-तिघी रडल्या. आमच्या ऑफिसातली नीवेस, जिच्याकडे त्या खणाची किल्ली असायची, ती मात्र खाली मान घालून निघून गेली.

फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सणाच्या मंगळवारी ऑर्फेओने कारखान्यात जेवण दिलं. भरपूर वाइन, तळलेले गोड कास्तान्योले, आणि कोपऱ्यात स्थानिक पेपरचा फोटोग्राफर. जेवण झाल्यावर ऑर्फेओ खुर्चीवर उभा राहिला.

"बायांनो, मार्चमध्ये कायदा येतोय. पण मी कायद्याची वाट बघत बसणारा माणूस नाही. माझी आई तुमच्यासारखीच कारागीर होती. तुमचे कागद मी आज तुम्हाला परत देतोय. घ्या, फाडा, आणि कार्निव्हल साजरा करा!"

नीवेसने पाकिटं वाटली. एकेका पाकिटात एकेक कागद, सहीचा, बिनतारखेचा. क्षणभर कुणाला काय करावं ते कळेना. मग मागच्या टेबलावरून पहिला फाटण्याचा आवाज आला आणि सगळ्या सुटल्या. तुकडे छतापर्यंत उडाले. बायका एकमेकींच्या डोक्यावर तुकडे टाकत होत्या, ओरडत होत्या. कुणीतरी ऑर्फेओच्या गालाचा मुका घेतला.

माझ्या शेजारी कात्युशा होती. एकोणतीस वर्षांची, सोल्युशनच्या टेबलावर तिला नऊ वर्षं झाली होती. त्या टेबलावरचा पंखा दोन वर्षं बंद होता. दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा दिला होता. तिच्या बोटांना आधी मुंग्या यायच्या, आणि त्या हिवाळ्यात तर सुई टोचलेलीही कळेनाशी झाली होती. तिने तिचा कागद माझ्यासमोर धरला.

"एलिदे, तू बघ गं. माझा नाही याच्यावर विश्वास. आणि माझ्या हातांना काही कळत नाही."

मी बघितला. हो, बघितला. पुढून. निळी शाई, खाली तिची सही.

"तुझाच आहे. असले कुत्र्यामांजराचे पाय दुसरं कोण काढणार? फाड!"

तिला जमेना, बोटांत चिमूट धरवत नव्हती. मग मीच तो तिच्या हातातून घेतला आणि टराटरा फाडला. तिने तुकडे ओंजळीत घेऊन वर उडवले.

माझा मी फाडला नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. माझ्या हातात कास्तान्योल्यांचा ट्रे होता म्हणून कागद एप्रनच्या खिशात कोंबला, आणि म्हटलं नवऱ्याला दाखवू. घरी गेल्यावर नवरा, देल्मो, म्हणाला, "फ्रेम करून लाव, लग्नाच्या फोटोशेजारी. दोन्हीकडे न वाचता सही केलीस." मी सणाचे बूट काढले आणि तोच कागद चुरगळून एका बुटाच्या टोकात घातला. जोड्यांच्या गावातल्या बायकांची खोडच ती. बूट काढला की हाताला लागेल तो कागद आत कोंबायचा, म्हणजे आकार राहतो. खोका कपाटावर गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हवेत तुकडे, मधे ऑर्फेओ, आणि कडेला ट्रे घेऊन हसणारी मी.

एप्रिलमध्ये निवडणूक होती. कायदा करणारं सरकार पडलं होतं. कायदा रद्द करू म्हणणाऱ्यांचा एक उमेदवार आमच्या कारखान्याच्या जेवणघरात आला. त्याच्या पायातले जोडे आमच्या खोऱ्यातले नव्हते, हे सगळ्यांनी आधी बघितलं.

"हा कायदा म्हणजे प्रत्येक मालकाला चोर ठरवणारा कायदा आहे!" तो म्हणाला. "एका साध्या सहीसाठी कॉम्प्युटर, नंबर, फॉर्म, मुदत! अशानं कामं कुठून येणार? आम्ही आलो की या कागदी जंगलात कुऱ्हाड घालणार!"

मी उभी राहिले. "साहेब, मालक चोर नसेल तर फॉर्मला नंबर असल्यानं त्याचं काय बिघडतं?"

तो हसला. त्याने बॅगेतून छापलेलं पत्रक काढून वर धरलं. त्यावर तोच फोटो होता. "बाई, या तुम्हीच ना? बघा, किती आनंदात आहात! तुमच्या मालकांनी कायदा लागू होण्याआधीच कागद परत दिले. माणुसकी असली की कायदा लागत नाही!"

टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही वाजवत होत्या. आणि मी खाली बसले, कारण माणूस खरं बोलतोय असंच मलाही वाटत होतं. ऑर्फेओ भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघून ग्लास उंचावला. माझं हसू त्या पत्रकावर घरोघरी गेलं, याचा राग मला आजही आवरत नाही.

ते निवडून आले. जूनच्या अखेरीस कायदा गेला. चार महिनेसुद्धा जगला नाही. रेडिओवर ऐकलं, "सुलभीकरण" म्हणाले त्याला. फेर्मोहून युनियनच्या वकीलबाईंचा फोन आला, की कायदा परत आणायला सह्या गोळा करतोय, प्रत्येक कारखान्यातून पाहिजेत.

"आमच्याकडे गरज नाही," मी म्हणाले. "आम्ही फाडलेत."

"इतरांनी नाही फाडलेले, एलिदे."

"मग त्यांच्याकडून घ्या की सह्या."

असं बोलले मी. युनियनची प्रतिनिधी. इतर कारखान्यांतल्या बायका मरेनात का, आमचं भागलं होतं.

जुलैत कात्युशा डॉक्टरकडे गेली. हातांच्या नसा मेल्यात, असं त्याने सांगितलं, पायांच्याही मरायला लागल्यात, आणि कारण सोल्युशनची वाफ. कामामुळे झालेला आजार म्हणून त्याने सरकारी कागद भरून पाठवला. आठवड्यात ऑर्फेओने तिला जिन्यात गाठलं. मी मागेच होते.

"काय पोरी, नखांना रंग लावतेस ना घरी? त्यात काय अत्तर असतं? असलंच रसायन की!"

"ऑर्फेओसाहेब, मी नऊ वर्षं नखं रंगवत नव्हते, तुमचे तळ चिकटवत होते."

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कात्युशा माझ्या दारात उभी राहिली. हातात रजिस्टर पत्र. एक सप्टेंबर या तारखेचा तुमचा राजीनामा आम्ही स्वीकारत आहोत, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. सोबत राजीनाम्याची प्रत. खाली तिची सही, तेच कुत्र्यामांजराचे पाय.

"मी काहीच लिहून दिलेलं नाही," ती म्हणाली. "एक तारखेला मी इस्पितळात होते, हाताला वायरी लावून. हे कुठून आलं?"

"तुझा कागद तर आपण..."

"आपण नाही. तू फाडलास. तू बघितलास आणि तू फाडलास. मग हा कुठून आला, एलिदे?"

मी तिला आत बसवलं. तिला कॉफी दिली, तिने दोन्ही तळव्यांत कप धरला, लहान मूल धरतं तसा, आणि कप टेबलावर उलटला. पुसताना ती रडायला लागली. तिच्या नवऱ्याचं काम वसंतातच गेलं होतं. तिच्या घरात आता हाच एक पगार होता.

पत्र माझ्याकडे ठेवून ती गेल्यावर मी कपाटावरचा खोका खाली काढला. बुटातून कागद काढला, मांडीवर सपाट केला. माझी सही, शेजारी कॉफीचा एक तपकिरी थेंब. वीस वर्षांपूर्वी सही करताना ऑर्फेओचाच कप हिंदकळला होता. सगळं जसंच्या तसं. मग मी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं.

गुळगुळीत.

त्या दिवशी मी बॉलपेन इतकं दाबून सही केली होती की कागद फाटतो की काय असं वाटलं होतं. भीतीने दाबलं होतं. तो दाब पाठीवर लागायलाच हवा होता. काही नव्हतं. थेंबाच्या जागी कागद फुगायला हवा होता, तोही सपाट. गेल्या हिवाळ्यात, कार्निव्हलच्या आधी, ऑफिसात रंगीत कॉपीचं मशीन आलं होतं. कॅटलॉगसाठी आहे म्हणून नीवेस सगळ्यांना कौतुकाने दाखवायची.

आम्ही झेरॉक्स फाडल्या होत्या. एकतीस बायका, दिवसभर कातड्याची पाठ चाचपणाऱ्या, आणि एकीनेही कागद उलटा केला नाही. आणि जिच्या बोटांना कळत नव्हतं तिने तो माझ्या हातात दिला होता. माझ्या! मी बूट भिंतीवर फेकून मारला. देल्मो धावत आला, आणि माझा चेहरा बघून त्याने बूट उचलून ठेवला.

दुपारीच बस पकडून फेर्मोला गेले. वकीलबाईंनी दोन्ही कागद बघितले आणि चष्मा काढला.

"कात्युशाच्या कागदाची अशी झेरॉक्स असती ना, तर केस पाच मिनिटांची होती. तोच कागद, तीच सही, तारीख नाही. म्हणजे तारीख मागाहून घातली हे उघड. त्याने तुमच्याकडून बेड्या तोडून घेतल्या नाहीत, एलिदे. पुरावा फाडून घेतला."

"माझी आहे ना पण. ही बघा."

"तुमची आहे. पण तुम्हाला कुठं काढलंय? ऑर्फेओ म्हणेल, ही झेरॉक्स आहे, मूळ कागद मी केव्हाच जाळला. तुमच्या मूळ कागदावर त्याने तारीख टाकून तो पुढं आणला असता, तर गोष्ट वेगळी."

मी माझा कागद पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे त्याने मला काढलं तर कात्युशाचं काम होतं?"

"मी असं काही सुचवलेलं नाही," बाई घाईने म्हणाल्या. "पेन्शनला किती राहिलंय तुम्हाला?"

"दोन वर्षं."

"मग घरी जा. आणि हे तुम्ही मला विचारलं नाहीत, मी ऐकलं नाही."

घरी देल्मोला सांगितलं. तो टोमॅटोची रोपं बांधत राहिला. "दोन वर्षांनी तू घरात बसून माझं डोकं खाणारच होतीस," तो म्हणाला. "दोन वर्षं आधी खा."

सोमवारी मी कामाला गेले ती शिलाईच्या खुर्चीवर बसलेच नाही. सरळ सोल्युशनच्या टेबलापाशी गेले, डब्यांची झाकणं लावली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले. "पंखा लागेपर्यंत हे उघडायचे नाहीत," म्हणाले. तिथल्या चौघी बावरून मागे सरकल्या. तळ चिकटायचे थांबले तसं पुढचं खातं थांबलं, मग त्याच्या पुढचं. दहा मिनिटांत ऑर्फेओ खाली आला.

"एलिदे, काय तमाशा लावलायस?"

"पंखा लाव."

"ऑर्डर जायचीय गुरुवारी. बस जागेवर."

"पोरीचे हात गेले, ऑर्फेओ. आणि वर तू तिलाच घालवलंस. नखांचा रंग म्हणे! लाज वाटत नाही?"

"तिने स्वतः राजीनामा दिलाय. जा, बस."

तो शांत होता. मला त्याची शांतता नको होती. वाटेत मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते, आणि तोंडापर्यंत आलं तेव्हा कळलं की ते नाटक नव्हतंच. चाळीस वर्षं घशात अडकलेलं होतं ते.

"तुझी आई कॉफीचं भांडं उघड्या हाताने उचलायची," मी म्हणाले. "आठवतं? चुलीवरून, तापलेलं. कातडी भाजल्याचा वास आला की मग तिला कळायचं. तू समोर बसलेला असायचास पाव खात. तेव्हा आपण म्हणायचो, आर्जा किती कणखर! कणखर नव्हती ती, ऑर्फेओ. तिच्या हातांत काही उरलं नव्हतं. शेवटी तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायची तेव्हा तुझा चेहराही तिला कळत नव्हता. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू तोच डबा या पोरींसमोर ठेवलास आणि पंखा बंद ठेवलास."

त्याच्या ओठांचा रंग उडाला. सगळी मशीनं बंद होती.

"माझ्या आईचं नाव घ्यायचं नाही."

"घेणार. ती आज असती तर हा डबा तिने तुझ्या डोक्यावर ओतला असता."

"चालती हो!" तो ओरडला. "चालती हो इथून! तुझा कागद अजून आहे माझ्याकडे, कळलं? आहे अजून!"

त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. तो थांबला. मागच्या टेबलावरून, जिने कार्निव्हलला सगळ्यात आधी फाडला होता तिचाच आवाज आला. "कुठला कागद? आम्ही तर फाडले ना?"

ऑर्फेओ वळून जिना चढून गेला.

पुढचे चार दिवस मला घरी बसवलं होतं आणि मी पोस्टमनची वाट बघत होते. ऑर्फेओ थंड झाला तर? त्याने वकिलाला विचारलं तर? नोकरी जावी म्हणून माणूस देवाला हात जोडतो, अशी वेळ या लोकांनी आणली. शुक्रवारी पत्र आलं. पंधरा सप्टेंबर या तारखेचा आपला राजीनामा स्वीकारत आहोत. मी पायरीवर बसून खदाखदा हसले आणि मग हसता हसता रडले, कारण वीस वर्षं काही कमी नसतात.

कोर्टात जाण्याआधी कामगार कार्यालयात समेटासाठी बसावं लागतं. ऑक्टोबरात बसलो. सर्दी झालेला एक अधिकारी, ऑर्फेओ आणि त्याचा वकील, आम्ही तिघी. ऑर्फेओने माझा मूळ कागद टेबलावर ठेवला, वर ताजी तारीख.

वकीलबाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "हा कागद एलिदेबाईंनी कधी लिहून दिला?"

"पंधरा तारखेलाच. माझ्यासमोर सही केली."

"कात्युशाबाईंचाही तसाच?"

"तसाच. एक तारखेला."

"हे नोंदवून घ्या," बाई म्हणाल्या. अधिकाऱ्याने नाक पुसून लिहिलं.

मग मी पर्समधून बुटातला कागद काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. तीच सही, तोच कॉफीचा थेंब, त्याच जागी. फक्त तारखेची जागा कोरी, आणि फेब्रुवारीपासून बुटाच्या टोकाचा आकार घेतलेल्या सुरकुत्या. ऑर्फेओच्या वकिलाने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि पेनाला टोपण लावलं.

"एक तारखेचा दाखला आमच्याकडे इस्पितळाचा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता कोर्टात जायचं, की थेट पोलिसांत?"

मला पोलिसच हवे होते. त्याला बेड्या घातलेला फोटो त्याच पेपरात हवा होता, आणि तो पत्रकावर छापून मी स्वतः घरोघरी वाटला असता. पण कात्युशा माझ्या बाहीला धरून म्हणाली, "एलिदे, मला काम पाहिजे. आजाराच्या कागदावर त्याची सही पाहिजे. तुझा राग तू नंतर काढ." तिचंच बरोबर होतं, आणि त्याचाही मला राग आला.

तर ठरलं ते असं. दोघी परत कामावर, कात्युशा तपासणीच्या खात्यात, आजाराचा दावा मान्य, पंखे महिनाभरात. आणि खणातले सगळे मूळ कागद परत. ते शेवटचं कलम मी घालायला लावलं. जाताना ऑर्फेओ दारात थांबला.

"आईचं बोलायला नको होतंस," तो म्हणाला.

"तू ऐकायला हवं होतंस," मी म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी."

सोमवारी जेवणघरात नीवेस गठ्ठा घेऊन आली. ना वाइन होती, ना फोटोग्राफर. ती नावं वाचत गेली आणि बायका एकेक करून पुढं येत गेल्या. कुणी हसत नव्हतं. जी ती कागद घ्यायची, उलटा करायची, डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवायची, मान हलवायची, आणि मगच फाडायची. माझा मीही तसाच फाडला. वीस वर्षांपूर्वीच्या भीतीचा उठलेला वळ बोटाला लागला.

खोऱ्यातल्या बाकीच्या कारखान्यांत त्या सोमवारीही कुणीतरी पोरगी दोन कागदांवर सह्या करत असणार. तिला वाचवणारा कायदा आमचा फोटो दाखवून निवडून आलेल्यांनी रोममध्ये मोडीत काढला. त्या सह्यांच्या मोहिमेत मी आता रोज संध्याकाळी दारोदार फिरते, आणि लोक म्हणतात, एलिदे, तुला आधी कुठं गरज होती? ऐकून घेते.

शेवटी नीवेसने कात्युशाचं नाव घेतलं. तिने कागद घेतला, सगळ्यांसारखाच उलटा केला, आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे आली.

"तू बघ," ती म्हणाली.

मी बोट फिरवलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आर्जाने शिकवलं होतं तसं. तिच्या कुत्र्यामांजराच्या पायांचा प्रत्येक ठसा लागला. वीस वर्षांच्या मुलीने किती दाबून सही केली होती.

"हा खरा," मी म्हणाले.

या वेळी मी तो फाडून दिला नाही. तिने दोन तळव्यांत धरून, दातांची मदत घेऊन, स्वतः फाडला. हातांना काहीच कळलं नाही तिच्या, फक्त आवाज आला.